चमचा समोरच होता

नाही, पण मला एक सांगा, देवानं माणसाला चांगली दहा बोटं दिली, ती पुरेनात म्हणून माणसानं चमचा केला, चमचा पुरेना म्हणून काटा केला, सुरी केली, इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही… पण एवढं सगळं हाताशी असताना ज्या कुणाच्या डोक्यात पहिल्यांदा आलं की छे, हे फारच सोपं होतंय, आपण असं करू, दोन काड्या घेऊ आणि त्यांनी भात खाऊ, भात!… त्याला घरात कुणी विचारलं नाही का हो, की बाबा रे, बरं वाटत नाहीये का तुला? बरं, नसेल विचारलं तर नसेल. ज्यांना जमतं त्यांनी खावं, माझा काय संबंध? मी आपला चमच्यानं जेवणारा माणूस. आणि चमचा होता हो! तुम्हाला सांगतो, चमचा समोरच होता!

हसू नका, आधी ऐका. मी घड्याळजी आहे. एकतीस वर्षं झाली. जिन्याखाली माझं दुकान, आत मी, एक टेबल, एक दिवा आणि भिंतीवर बावीस घड्याळं, आणि बावीस घड्याळांत बावीस वेळा, कारण बिघडलेलीच येतात ना माझ्याकडे, चालू झाली की जातात आपापल्या घरी. उजव्या डोळ्याला भिंग, डावा डोळा मिटलेला, हातात चिमटा, आणि मोहरीच्या दाण्याचे चार तुकडे करा, त्यातल्या एका तुकड्याएवढा स्क्रू, तो मी उचलतो, श्वास रोखतो आणि जागेवर बसवतो. हात म्हणून हलत नाही. शेजारचा न्हावी म्हणतो, "तुमचे हात मला द्या, मी हे दुकान बंद करून हॉस्पिटल काढतो." आणि अशा मला… मला मटारचा एक दाणा उचलता येईना! का? तर चिमट्याला मागे जोड असतो! दोन पाती, मागे एकत्र, दाबलं की मिटतं, सोडलं की उघडतं, साधी गोष्ट! काड्यांना जोडच नाही! एक काडी इकडे, एक काडी तिकडे, दोघींची तोंडओळख नाही, आणि तुम्ही मधे पडून त्यांचं जमवून द्यायचं!

आता एक सांगून ठेवतो, ते लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे. आमच्या धंद्यात स्क्रू उडतो. चिमट्यातून सुटला की टिंग करून जातो, कुठे जातो ते त्याचं त्यालाच माहीत. आणि तो पडल्यावर कुणी पाऊल हलवलं की संपलं, बुटाला चिकटतो आणि निघतो फिरायला. एकदा एका गिऱ्हाइकाच्या बुटाखालून स्क्रू त्याच्या घरी गेला, पाठोपाठ मी गेलो, दार वाजवलं आणि म्हटलं, "जरा बूट दाखवता का?" तेव्हापासून दुकानात पाटीच आहे: 'स्क्रू पडल्यास जागेवरून हलू नये.' आमची बायको एकदा डबा द्यायला आली होती, नेमका स्क्रू उडाला, मी ओरडलो, "हलू नकोस!" एक पाय उंबऱ्यात, एक हवेत, अशी वीस मिनिटं उभी होती बिचारी. स्क्रू सापडला. डबा गार झाला. त्यावर आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही, ते सोडा. आणि सापडलेला स्क्रू ठेवायला एक चपटी डबी, ती माझ्या खिशात कायम, झोपताना उशाशी.

तर, आमची छकुली. छकुली म्हणजे वय वर्षं अठ्ठावीस, हाताखाली बारा माणसं, ऑफिसात तिला बघून खुर्च्या सरळ होतात, पण घरात छकुली. एके दिवशी येऊन म्हणाली, "बाबा, मला एक मुलगा आवडलाय." म्हटलं, छान, करतो काय, खातो काय? "बाबा, तेच सांगायचंय. काय खातो ते नाही, कसं खातो ते. त्यांच्याकडे चॉपस्टिक्सनं जेवतात." म्हटलं, जेवू दे की! मी कुठे आडवा येतोय? "त्यांनी आपल्याला जेवायला बोलावलंय." बोलावू दे की! "आणि त्यांच्या घरी आजी आहे."

 इथे छकुलीचा आवाज बदलला.

"बाबा, त्या घरात सगळं आजीवर असतं. आजी बोलत नाही, आजी नुसती बघते. माणूस कसा जेवतो ते बघते. आवडला, तर आपल्या काड्यांनी आपल्या ताटातला घास उचलून त्याच्या वाडग्यात ठेवते. ठेवला की होकार. त्यावर कुणी काही बोलत नाही." मी म्हटलं, आणि नाही ठेवला तर? "त्याच्या काकाचं लग्न दोनदा मोडलंय, बाबा. एकदा मुलीचे वडील काड्यांनी वाडगं वाजवत बसले होते म्हणून." आणि दुसऱ्यांदा? "घास अर्ध्या वाटेत खाली पडला. खाली पडलेला घास म्हणजे नकार." आणि तुम्हाला सांगतो, छकुली रडायला लागली. ही पोर पायाचं हाड मोडलं तेव्हा रडली नव्हती, उलट डॉक्टरला म्हणाली होती, प्लास्टर सरळ घाला. ती रडली! म्हणाली, "बाबा, मला तोच हवाय हो. तुम्ही फक्त एक जेवण नीट जेवा." आता बापानं काय करायचं?  म्हटलं, जेवतो. एक काय, दहा जेवतो!

बोलायला काय जातंय! तीन आठवडे, तुम्हाला सांगतो, तीन आठवडे माझ्या नाकी नऊ आले. छकुलीनं फ्रिजवर कागद लावला. काय नव्हतं त्या कागदावर? भातात काड्या उभ्या रोवायच्या नाहीत, ते मयताचं. एकाच्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत घास द्यायचा नाही, तेही मयताचं, आणि हे तर सगळ्यात वाईट, खाली दोन रेघा. काडीनं माणसाकडे बोट दाखवायचं नाही, म्हणजे काडी दाखवायची नाही. घासात खुपसायची नाही. चाटायची नाही. एकमेकींवर घासायच्या नाहीत. वाडगं काडीनं ओढायचं नाही. आणि कुठला घास घेऊ, कुठला घेऊ करत काडी सगळ्या ताटांवरून फिरवायची नाही. मी म्हटलं, अगं, मी ती फिरवत नाहीये, ती फिरतेय! आणि वाडग्याशेजारी एक चमचा ठेवतील, आखूड दांड्याचा, तो सूपचा, त्याला सूप येईपर्यंत हात लावायचा नाही. मी म्हटलं, समोर ठेवणार? म्हणाली, समोर. मग ठेवतातच कशाला हो? परीक्षेला बसवायचं आणि उत्तराचा कागद बाकावर उघडा ठेवायचा!

आणि आमची बायको! आयुष्यात पहिल्यांदा काड्या हातात घेतल्या, इकडे फिरवल्या, तिकडे फिरवल्या, पाच मिनिटांत शेंगदाणा उचलून तोंडात टाकला आणि मला म्हणते कशी, "अहो, त्यात काय आहे?" यासारखं दुसरं वाक्य नाही माणसाला घरातून बाहेर काढायला! वर शिकवायला बसली. "हे बघा, खालची काडी स्थिर ठेवायची. ती हलवायची नाही, काही झालं तरी नाही. वरची काय ती हलते, बोलते, सगळं करते. संसारासारखंच आहे." मी विचारलं, "आणि मी कुठली?" म्हणाली, "तुम्हीच सांगा, गेल्या तीस वर्षांत किती हललात?"

मग मी डोकं लढवलं. म्हटलं, काड्यांना जोड नाही ना, मग देऊ की जोड! कारागीर कशाला झालो? जुन्या घड्याळाच्या पट्ट्याची कडी काढली, केसाएवढी स्प्रिंग बसवली, दोन काड्या मागे जोडल्या… अहाहा! दाबलं की मिटतात, सोडलं की उघडतात! सात मिनिटांत वाडगंभर मटार उचलून दाखवला! न्हावी दाढी अर्धी टाकून बघायला आला, गिऱ्हाईक तोंडाला फेस घेऊन त्याच्या मागे. पण त्या दिवशी त्यांच्या दारात, बेल वाजवायच्या आधी, छकुलीनं माझे खिसे तपासले. सख्ख्या बापाचे! आतल्या खिशातून काड्या काढल्या, बघितल्या आणि आईच्या पर्समध्ये टाकल्या. डबी पण निघाली. तेवढी तिनं परत ठेवली, म्हणाली, "ही असू दे, नाहीतर तुम्ही कावरेबावरे होता."

घर छान. छोटं, लख्ख पुसलेलं, लांब पांढरा टेबलक्लॉथ, पार जमिनीला टेकलेला. मुलगा उंच, चष्मा, सारखा हसणारा, मला आवडला, खोटं कशाला बोलू. त्याचे वडील निवृत्त बसचालक, आई शाळेत गणित शिकवते, दोघंही इतकी सभ्य, इतकी सभ्य की मी खिशातली डबी चाचपायला लागलो. आणि टेबलाच्या टोकाला, माझ्या बरोबर समोर, आजी. एवढीशी. पांढरे केस, लांब बाह्यांचा करडा स्वेटर, मनगटावर जुनं चावीचं घड्याळ. आणि डोळे! ब्याऐंशी वर्षांचे डोळे, पापणी लवत नाही. सगळे तिला बिचकून. बसचालक, आयुष्यभर एवढी मोठी बस चालवली त्या माणसानं, तो आईसमोर मीठ सरकवताना घाबरत होता. आम्हाला त्यांची भाषा येत नाही, त्यांना आमची नाही, मधे छकुली. मी चार शब्द बोललो की ती चार वाक्यं सांगायची, आणि मी चार वाक्यं बोललो की ती नुसतं "हो" म्हणायची.

आणि वाढलं काय? मटार! नूडल्स होत्या, त्या गुंडाळता आल्या असत्या. भाज्यांचे तुकडे होते, वाफवलेले पिठाचे गोळे होते. पण प्रत्येकाच्या वाडग्यात आधी मटार. हिरवे, गोल, तुकतुकीत, तेल लावलेले! आणि शेजारी चमचा. पांढरा, खोलगट, आखूड दांड्याचा, माझ्याकडे बघतोय. तुम्हाला सांगतो, चमचा समोरच होता!

म्हटलं, घाबरायचं नाही. रोज करतो तेच करायचं. डावा डोळा मिटला, श्वास रोखला, काडी धरली, खालची स्थिर, वरची हलती, आणि घेतला एक दाणा. घेतला! तोंडात टाकला! वर बघतो तर काय… बसचालकानं डावा डोळा मिटलाय. म्हटलं, यांना काय झालं? त्याच्या बायकोनं पण मिटलाय. मुलानं चष्म्याआड मिटलाय. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, अरे देवा, यांना वाटलं आमच्याकडे असंच जेवतात, एक डोळा मिटून! पाहुण्याला परकं वाटू नये म्हणून सगळं कुटुंब एका डोळ्यानं जेवायला लागलं! आता मी डोळा उघडावा तर यांना वाटणार, आपलं चुकलं. म्हणून मी पण मिटूनच ठेवला. छकुली माझ्या पायावर पाय देतेय, बायको खिडकीबाहेर बघतेय, आणि आम्ही चौघं काणे समोरासमोर बसून एकमेकांकडे बघून हसतोय. फक्त आजीचे दोन्ही डोळे उघडे. आणि दोन्ही माझ्यावर.

सहा दाणे झाले. सात झाले. मला वाटलं, जमलं! आणि माणसाला जमलं असं वाटलं ना, की समजावं, आता आलं काहीतरी. आठवा दाणा घेतला, काडी तिरकी झाली, आणि टिंग! नाही, मटारचा आवाज होत नाही, मला माहितेय, पण माझ्या कानात टिंग झालं हो! एकतीस वर्षांचं टिंग! दाणा उडाला, टेबलाच्या कडेवरून खाली गेला, आणि मी खुर्ची मागे लोटून, दोन्ही हात पसरून, त्या सभ्य, शांत, लख्ख पुसलेल्या घरात, होणाऱ्या व्याह्यांसमोर, बेंबीच्या देठापासून ओरडलो, "हलू नका! कुणी जागेवरून हलायचं नाही! पाय वर घ्या!"

भाषा येत नव्हती, पण आवाज कळला, आणि मी पाय उचलून दाखवला तोही. सगळं घर जागच्या जागी! मुलगा घास तोंडाशी नेऊन थांबला. त्याची आई उठत होती, ती अर्धी उठलेली राहिली. बसचालक माझ्या पेल्यात पाणी ओतत होता, त्याचा हात तसाच राहिला, पाणी मात्र थांबेना, पेला भरला, बशी भरली, टेबलावरून ओघळ माझ्या बायकोच्या मांडीवर, आणि तीसुद्धा हलली नाही! सवय आहे तिला. छकुली कपाळाला हात लावून होती, ती तशीच राहिली. मला वाटतं, ती तशीही तशीच राहिली असती. आणि मी? मी टेबलाखाली!

हो! गेलो! अहो, मला कुठे कळतंय मी काय करतोय? हात आपोआप करतात! टेबलक्लॉथ उचलला, गुडघ्यावर आलो, डावा डोळा मिटला आणि शोधायला लागलो, आधी भिंतीकडून, मग पायांच्या मधून, स्क्रू शोधतात तसा. माझ्या खुर्चीखाली नाही. बसचालकाच्या पायापाशी नाही, पाय हवेत होते बिचाऱ्याचे. पुढे सरकलो, आजीच्या खुर्चीपाशी, आणि सापडला! पण तुम्हाला सांगतो, एक नाही सापडला. दोन. चार. मोजले. माझा सोडून अकरा! आजीच्या खुर्चीखाली अकरा दाणे, कोपऱ्यात पायानं हळूच सारलेले. आणि वर बघतो तर मांडीवर आजीचा डावा हात, आणि त्या करड्या स्वेटरच्या लांब बाहीतून बाहेर डोकावतोय… काय? चमचा! चमचा हो! छोटा, पातळ, झिजलेला, रोजच्या वापरातला!

मी बघतच राहिलो. तेवढ्यात टेबलक्लॉथ हलला आणि आजी खाली! ब्याऐंशी वर्षांची बाई, एवढ्या चपळाईनं खाली आलेली मी पाहिली नाही. वरून तिचा मुलगा काहीतरी ओरडला, तिनं आतूनच एक शब्द टाकला, वर पुन्हा चिडीचूप. आणि मग आम्ही दोघं, टेबलाखाली, चार हातापायांवर, नाकासमोर नाक. तिनं दाण्यांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मघाशी ज्या डोळ्यांनी माझ्या तोंडचं पाणी पळवलं होतं ना, त्या डोळ्यांत भीती होती हो. मग तिनं उजवा हात पुढे केला. बोटं बघा… सांधे सुजलेले, वाकडी झालेली, आणि सारखी थरथरत होती. काडी काय, साधी सुई धरता येणार नाही अशी. छकुली म्हणाली होती खरं, आजी एरवी सगळ्यांच्या आधी, आपल्या खोलीत, दार लावून जेवते, शिस्तीची फार! शिस्त कसली? चमच्यानं जेवत होती बिचारी! कुणाला कळू नये म्हणून दार लावून! आणि आज पाहुणे आले, पाहुण्यांसमोर घराण्याची अब्रू, म्हणून काड्या धरून बसली, आणि माझ्याइतकीच घामाघूम झाली. मी तिला घाबरलो होतो, ती मला घाबरली होती. तिनं वाकडं बोट ओठांवर ठेवलं.

मी मान डोलावली. काड्या हातातच होत्या माझ्या. डावा डोळा मिटला, श्वास रोखला, आणि एक एक दाणा उचलायला लागलो. तुम्हाला सांगतो, वर टेबलावर जे जमत नव्हतं ना, ते खाली झटक्यात जमलं! जमिनीवर पडलेली बारीक वस्तू, गुडघ्यावर बसून, एका डोळ्यानं, हा तर माझा धंदा! अकरा दाणे उचलले, अकराही डबीत. बारावा, माझा, तो काडीत धरून ठेवला. डबी मिटली, टक्. आजी त्या काड्यांकडे बघत होती, आणि पहिल्यांदा, गालातल्या गालात, हसली.

वरून छकुलीचा रडवेला आवाज, "बाबा, आता बाहेर या ना हो…" बाहेर आलो. काडीत दाणा, तो उंच धरून म्हटलं, "सापडला!" छकुलीनं काय सांगितलं देव जाणे, पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बसचालकानं तर पाय खाली घेता घेता डोळे पुसले, आता दोन्ही. आजीला उचलून खुर्चीवर बसवलं.

आणि मग आजीनं काड्या उचलल्या.

 तिनं आपल्या ताटातला वाफवलेला गोळा धरला. मटार नव्हे, तेवढी हुशारी होती. गोळा वर आला. हात थरथरायला लागला. छकुलीनं टेबलाखाली माझा हात घट्ट धरला. घास माझ्याकडे निघाला, एक वीत, दोन विती, आणि घसरायला लागला! पडला तर नकार! आता काय करू? काडी पुढे करून धरू? काडीतून काडीत? खाली दोन रेघा! सगळ्यात वाईट! आणि चमचा… चमचा समोरच होता हो, तो घालावा खाली, पण सूप येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही! आणि दुसरा, तो तिच्या बाहीत!

पण फ्रिजवरच्या कागदावर एक ओळ होती, अगदी तळाला: वाडगं हातात उचलून धरावं, ते सभ्यपणाचं. मी दोन्ही हातांनी वाडगं उचललं. घास डावीकडे झुकला, मी वाडगं डावीकडे. घास उजवीकडे, मी उजवीकडे. भाज्यांवरून, नूडल्सवरून, पाण्याच्या जगावरून! मी उभा राहिलो, मी टेबलावर ओणवा झालो, माझा टाय कुणाच्यातरी रश्शात गेला, आणि माझी नजर फक्त तिच्या हातावर. अहो, एकतीस वर्षं मी थरथरणारी चाकं बघतोय, कुठलं कधी कुठे झुकणार ते मला कळतं! तिनं माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, "सोडा, आजी." भाषा येत नव्हती तिला. तिनं सोडला.

टप्. वाडग्यात. बरोबर मधोमध.

छकुली एकदम रडायलाच लागली, मुलगा चष्मा काढून हसत होता की रडत होता कळेना, आणि बसचालकानं मला मिठी मारली ती टेबलाच्या पलीकडून, म्हणजे त्याचाही टाय गेला. लग्न झालं. सुखात आहेत दोघं. लग्नात त्यांच्या बाजूच्या सगळ्या पाहुण्यांनी डावा डोळा मिटून फोटो काढले, आम्हाला मान म्हणून, ते अल्बम तुम्हाला दाखवीन कधीतरी.

पण माझं काय झालं ते विचारा ना! आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला. आणि वाढतात काय? मटार! कारण व्याही सगळ्यांना अभिमानानं सांगतात, "एका दाण्यासाठी जमिनीवर गेला हा माणूस! अन्नाचा एवढा मान मी कुठे बघितला नाही!" ढीगभर मटार, खास माझ्यासाठी! आजीपण आता दार लावून जेवत नाही, माझ्यासमोर बसते, हट्टानं, काड्या घेऊन, माझा मान राखायला. मी काड्या घेऊन, तिचा मान राखायला. मी म्हटलं बायकोला, सांगून टाकू का सगळ्यांना? ती म्हणाली, "काय सांगणार? एवढा त्या म्हातारीचा दरारा, तो घालवणार? आणि तुमचा?" बरोबर आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग जेवण अर्ध्यावर आलं की मी मुद्दाम एक दाणा पाडतो, ओरडतो, "हलू नका!", सगळं घर शहाण्यासारखं पाय वर घेऊन डोळे मिटून बसतं, त्यांना वाटतं हा आमच्याकडचा रिवाज. आणि आजी आणि मी, आम्ही दोघं टेबलाखाली, मांडीवर वाडगी घेऊन, पाच मिनिटं पोटभर जेवतो.

आणि चमचा? आहे की. एक तिच्या बाहीत, एक माझ्या.